मोरीतली बाटली आणि विहिरीतली पावडर

ज्येष्ठात पहिला मोठा पाऊस झाला की जुन्नर-आंबेगावच्या विहिरींचं पाणी गढुळतं आणि ग्रामपंचायतीत टीसीएलची, म्हणजे ब्लिचिंग पावडरची, पोती उघडली जातात. त्याच दिवसांत घरोघरी शेवाळलेल्या मोऱ्या, संडास आणि पाण्याच्या टाक्या घासायला ब्लीचची बाटली निघते. पोत्यातली पावडर चुन्यावर क्लोरीन सोडून करतात, बाटलीतलं पाणी कॉस्टिक सोड्यात क्लोरीन मुरवून. काम दोन्हींकडे क्लोरीनच करतो. त्याच्याविषयी लोकांची दोन टोकांची मतं आहेत आणि दोन्हींमागे अनुभव आहे. ती समोरासमोर यावीत म्हणून इथे दोघांना बोलतं केलं आहे. एक नारायणगावजवळच्या बागायतदार घरातल्या वहिनी. दुसरे त्यांचे धाकटे दीर, डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यावस्त्यांवर आरोग्यसेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. माणसं रचलेली आहेत, बोलणं मात्र ह्या दोन तालुक्यांत कानावर पडतं तेच आहे.

वहिनी : भाऊजी, आधीच सांगते, ब्लीच मी घरातून काढलं. मोरी धुवायला येणाऱ्या बाईंनी आधी ॲसिड ओतलं. डाग निघेनात म्हणून वर ब्लीच. दार लोटलेलं, खिडकीला पावसामुळे कडी. बघता बघता बाई खोकत बाहेर आल्या. डोळे लाल, छातीत जळजळ, बोलता येईना. तुम्ही आयुष्यभर विहिरीत हेच टाकत आलात. जे माणसाचा श्वास कोंडतं, ते घरात ठेवायचं कशाला?

भाऊजी : दवाखान्यात नेलं ना त्यांना?

वहिनी : नेलं. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं.

भाऊजी : योग्य केलं. क्लोरीन छातीत गेला की त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, फुफ्फुसात पाणी उतरतं. संध्याकाळी बरं वाटतंय म्हणून घरी झोपवलेला माणूस रात्री अत्यवस्थ होऊ शकतो. दम्याचा असेल तर जास्तच. पण वहिनी, हे एकट्या ब्लीचनं झालेलं नाही. ब्लीचमधला क्लोरीन सोड्यानं धरून ठेवलेला असतो. ॲसिड पडलं की ती पकड सुटते आणि तो वायू होऊन बाहेर येतो. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून मोरीत जमिनीलगत साचतो. बाई बसून घासत असणार.

वहिनी : उकिडव्या बसून. तोंड फरशीपासून हातभर.

भाऊजी : म्हणजे वायू साचतो नेमका तिथेच तोंड. हाच वायू २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्यानं नळकांड्यांतून सोडला होता. खंदकात खाली दबून बसलेल्यांना त्यानं आधी गाठलं.

वहिनी : मग हे युद्धातलं हत्यार मी मोरीच्या कोनाड्यात ठेवू?

भाऊजी : कोनाड्यातून काढायचं तर ॲसिड काढा. टेम्पोवरून फिनेलबरोबर विकतात ते, बिनालेबलच्या बाटलीतलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही, विकल्याची नोंद ठेवायची. दारावरच्या गाडीशी ह्यातलं काय होतं?

वहिनी : काहीच नाही. पण आमच्या बोअरचं पाणी बघितलंय ना? फरशीवर आठ दिवसांत पांढरा थर. तो तुमच्या ब्लीचनं निघतो का?

भाऊजी : नाही निघत. क्षार ब्लीचनं विरघळत नाहीत. ब्लीच जंतू मारतं, बुरशीचा काळा डाग घालवतं, एवढंच. क्षाराला आंबटच लागतं.

वहिनी : म्हणजे प्रत्येक घरात दोन्ही लागणार. आणि दोन्ही असली की आज ना उद्या कोणीतरी एकावर एक ओतणारच. डाग निघाला नाही की बाईमाणूस घरात आहे नाही ते सगळं ओतून बघतं, कारण मोरी स्वच्छ दिसली नाही तर बोलणी तिला बसतात. हे तुमच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं होतं?

वहिनींचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. ‘एकत्र करू नका’ एवढं छापून काम भागत नाही, कारण एकत्र करण्यामागे निष्काळजीपणापेक्षा जास्त हात असतो तो धास्तीचा. ओतणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाटली विकत घेणारी नसते, लेबल वाचणारी नसते, आणि खिडकी उघडायची की नाही हेही तिनं ठरवलेलं नसतं.

भाऊजी : मग दोन्हींतलं एकच मोरीत ठेवा. आठवड्यातून एकदा क्षार काढायचे तर लिंबाच्या फुलाचं पाणी वापरा. खूप पाण्यानं धुवून टाका आणि ब्लीचचं काम दुसऱ्या दिवशी करा. लिंबाचं फूल काय, व्हिनेगर काय, संडास साफ करायची निळी बाटली काय, सगळी आंबटच. त्यातलं काहीही ब्लीचबरोबर चालत नाही. आणि गोठ्याचंही सांगतो. मुतारीवर आणि गव्हाणीखाली तुम्ही पावडर भुरभुरता ना?

वहिनी : भुरभुरतो. माश्या कमी होतात.

भाऊजी : जनावरांच्या मुतात अमोनिया असतो. त्यावर कोरडी पावडर पडली की क्लोरामाइनचा वायू होतो, तोही डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. शाळेच्या मुतारीत पावडर टाकली की नाक चुरचुरतं तेही ह्यानं. आधी पाण्यानं स्वच्छ धुवायचं, मग पातळ केलेलं द्रावण टाकायचं, आणि जनावरं बाहेर बांधायची.

वहिनी : मोरी झाली, गोठा झाला. मोटारीच्या खोलीचं काय? तिथे तर तुमचा पुतण्या ठिबकचं सगळं सामान ठेवतो.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ह्या दोन तालुक्यांतला खरा धोका मोरीपेक्षा मोठ्या मापात मोटारीच्या खोलीत बसला आहे, असं माझं मत आहे. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ह्या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी इथे द्राक्ष, टोमॅटो आणि ऊस आणले, मागोमाग ठिबक आलं. ठिबकच्या नळ्या दोन कारणांनी तुंबतात. पाण्यातले क्षार ड्रिपरच्या तोंडाशी बसतात, त्यासाठी ॲसिड सोडतात. शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, त्यासाठी क्लोरीन सोडतात, म्हणजे ब्लिचिंग पावडरची निवळी किंवा सोडियम हायपोक्लोराईट. दोन्ही उपाय बरोबर आहेत. पण हंगाम संपला की दोन्ही एकाच दिवशी उरकायचा मोह होतो, एकाच टाकीतून, एकाच व्हेंचुरीतून. टाकीच्या तळाशी राहिलेल्या ॲसिडवर पावडरीचं पाणी पडलं की बंद खोलीत जो वायू होतो तो मोरीतल्या वायूच्या कित्येक पट असतो, आणि खोली शेताच्या कडेला, हाक मारायला कोणी नाही अशी. त्यात भिंतीला युरियाची पोती, कोपऱ्यात गंधक आणि डिझेलचा कॅन. पावडरीला युरिया किंवा अमोनियाचं खत लागलं तर विषारी, कधी स्फोटकही संयुगं होतात. डिझेल किंवा गंधक लागलं तर ती पेटू शकते.

भाऊजी : त्याला सांगा, ॲसिड आणि पावडर दोन वेगळ्या खोल्यांत. मधे निदान एक दिवस नळ्या साध्या पाण्यानं वाहू द्यायच्या. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. दार उघडं, वारा पाठीशी, आणि एकट्यानं करायचं नाही.

वहिनी : सांगते. पण तुम्ही बोलता ते सगळं तुमच्या अंगवळणी पडलंय. माझ्या घरात घरची चार माणसं, रोजंदारीवरची सहा. बाटलीवरचं लिहिलेलं वाचणार कोण? त्यात कोणी पेयाच्या बाटलीत ओतून ठेवतं. उन्हातून आलेलं पोर पाणी समजून तोंडाला लावेल.

भाऊजी : पेयाच्या बाटलीचं तुमचं शंभर टक्के खरं. तिथे मी वाद घालणार नाही. ब्लीच असो, ॲसिड असो, फवारणीचं औषध असो, ज्या डब्यात आलं त्याच डब्यात राहिलं पाहिजे.

वहिनी : आणि प्यायलंच तर? आमच्याकडे मिठाचं पाणी पाजून ओकवतात.

भाऊजी : ओकवायचं अजिबात नाही. जाताना घसा जाळून गेलेलं येताना पुन्हा जाळतं, आणि श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसही जातं. चूळ भरायला लावायची, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर घोटभर पाणी किंवा दूध, आणि बाटली हातात घेऊन थेट दवाखाना. नारायणगाव, घोडेगाव, मंचर, जे जवळ असेल ते. १०८ ला फोन करायचा. डोळ्यात उडालं तर नळाखाली पापणी उघडी धरून निदान पंधरा ते वीस मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळतं, लोक दोन मिनिटांत सोडून देतात. वायू लागला तर बाहेर, मोकळ्यावर, उंचावर. आत कोणी पडला असेल तर तोंडाला फडकं बांधून धावत जायचं नाही, ओल्या फडक्यानं क्लोरीन अडत नाही. आधी दारं-खिडक्या बाहेरून उघडायच्या.

वहिनी : बघा, एका बाटलीपायी एवढं पाठ करायचं! त्यापेक्षा बाटलीच नको. आमच्या सासूबाई राख आणि लिंबावर भांडी-मोऱ्या लख्ख ठेवायच्या. पाणी तांब्याच्या हंड्यात. आता तुमच्या पावडरीमुळे चहाला वास, भाताला वास.

भाऊजी : तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलं तर जंतू कमी होतात, खोटं नाही ते. पण हंड्यात हात बुडाला की नवे जंतू आले, आणि पाणी लगेच प्यायचं असेल तर तांब्याला वेळ मिळत नाही. पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असेल तर तो नंतर पडलेल्या जंतूलाही गाठतो. राख, तांबं, उकळणं, ह्यांतलं काहीच ते करत नाही.

वहिनी : उकळलेलं पाणी तरी चांगलं म्हणाल?

भाऊजी : उत्तम. पण आहुप्याच्या बाजूला, किंवा जुन्नरच्या हातवीज-आंब्याच्या अंगाला या. लिटरभर पाणी चुलीवर उकळायला साधारण किलोभर लाकूड लागतं. ते डोक्यावरून आणते कोण? चैत्र-वैशाखात तिथल्या बाया डवऱ्यातून, म्हणजे ओलीत खणलेल्या खड्ड्यातून, वाटीवाटीनं पाणी भरतात. त्यांना मी ‘वीस लिटर उकळा’ कुठल्या तोंडानं सांगू? तिकडे आणे पठारावर उन्हाळ्यात टँकर येतो, त्यातलं पाणी कुठल्या विहिरीचं हे पिणाऱ्याला माहीत नसतं. आशाताई देतात ती मेडिक्लोरची छोटी बाटली आणि विहिरीतली पावडर, एवढंच तिथे हाताशी असतं. मेडिक्लोर हेही सोडियम हायपोक्लोराईटच, फक्त पिण्याच्या पाण्यासाठी केलेलं. फरशीचं सुवासिक ब्लीच मात्र पिण्याच्या पाण्यात कधी टाकायचं नाही.

वहिनी : वासाचं उत्तर राहिलं.

भाऊजी : वास येतो तो मापाशिवाय टाकल्यानं. चार मीटर व्यासाची विहीर, त्यात पाच मीटर पाणी, म्हणजे साधारण ६३ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर लागते सुमारे १६० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर त्याहून जास्त. आणि लोक टाकतात घमेलंभर.

वहिनी : एवढ्या विहिरीला एवढीशीच?

भाऊजी : एवढीशीच, पण रोज. आणि कोरडी फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, बादलीभर पाण्याला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नाही. मग बादली भरून दहा मिनिटं निवळू द्यायची. वरची निवळी विहिरीत, खालचा चुना बाहेर. निवळीची बादली दोरानं पाण्यात खाली-वर करायची, म्हणजे क्लोरीन सगळीकडे पोचतो. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळं झालं पाहिजे. ते नळीतलं पाणी फेकून द्यायचं, ओटीचं औषध पोटात जाता कामा नये. पिवळं झालंच नाही तर पाणी जास्त गढूळ आहे, किंवा पावडर मेलेली आहे.

वहिनी : मेलेली म्हणजे?

भाऊजी : ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोतं ओलीत उघडं राहिलं, ऊन लागलं की तो उडून जातो. २० टक्क्यांखाली आली की तपासणीत नापास. रंग तसाच पांढरा. गाव समजतं पाणी शुद्ध झालं, वहीत सही होते, आणि विहिरीत पडलेला असतो नुसता चुना. मला भीती वाटते ती ह्याची. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड-किरकटवाडीकडे जीबीएस ह्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, हातापायांतली शक्ती गेलेले, काही व्हेंटिलेटरवर. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडला, तो दूषित पाण्या-अन्नातून येतो. तिथल्या पाण्याचे नमुने घेतले तर काहींत क्लोरीनचा पत्ताच नव्हता. शहराला लागून असलेल्या गावांत हे झालं, वहिनी. पावडरीच्या वासाला तुम्ही कंटाळता, मी वास नसलेल्या पाण्याला घाबरतो.

वहिनी : (थोडा वेळ गप्प राहून) विहिरीचं पटलं. तिथे माप आहे, टेस्ट आहे, ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीचं हिरवं-पिवळं-लाल कार्ड मिळतं, कोणीतरी विचारतो. माझ्या मोरीला कोण कार्ड देतं? तुमचं सगळं बळ त्या तपासणीत आहे, आणि घरात ती नाही. करोनात आठवतं ना? द्राक्षबागेचे ब्लोअर गल्लीगल्लीतून हायपोक्लोराईट फवारत फिरले. कुठे माणसांवरही मारलं.

भाऊजी : केंद्राच्या आरोग्य खात्यानं एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट सांगितलं होतं, माणसांवर फवारू नका, त्यानं विषाणू जात नाही आणि डोळे-कातडी-घशाला इजा होते.

वहिनी : सांगितलं होतं. ऐकायला आलं का? भीती बसली की मापं गळतात. म्हणून म्हणते, घरात ठेवायचंच तर कमीत कमी, आणि माप आधी ठरलेलं.

ह्या ठिकाणी दोघं एका बाजूला आले, निदान माझ्या मते. भाऊजींनी घरातलं माप सांगितलं, ते इथे नोंदवतो. बाटलीवर हायपोक्लोराईटचं प्रमाण चार टक्के असेल तर फरशी, कठडे, नळाच्या मुठींसाठी लिटरभर गार पाण्याला २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे. गरम पाणी नाही, त्यात ब्लीचचा जोर जातो आणि वाफ झोंबते. आधी साबणानं मळ काढून तो साबण धुवून टाकायचा, कारण मळावर ब्लीच वाया जातं. द्रावण दहा मिनिटं राहू द्यायचं, मग पाणी. उरलेलं उद्यासाठी ठेवायचं नाही. तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी त्यापासून लांब, ते धातू खातं. रबरी हातमोजे, खिडकी उघडी.

वहिनी : हातमोजे. थांबा, त्यावर बोलू. तुमच्या विहिरीवर पावडर टाकणारा जलसुरक्षक बघितलाय मी. हात कोपरापर्यंत पांढरे, कातडीला भेगा, नाकाला रुमाल गुंडाळून कठड्यावरून वाकलेला. तो पावडर श्वासातून रोज घेतो. त्याच्या हातमोज्यांचं कोण बघतं?

भाऊजी : पावडरीबरोबर ते द्यायला हवेत. डोळ्याला चष्मा, नाकाला चांगला मास्क, गमबूट. वाऱ्याकडे पाठ करून कालवायची, हेही शिकवायला हवं.

वहिनी : हवं, हवं! देतात का? आणि मोरी धुणाऱ्या बाईंना मी दिले नव्हते, बाकीच्यांनी तरी कुठे दिलेत? तुमचा क्लोरीन जीव वाचवतो हे मी मान्य केलं, भाऊजी. पण तो हाताळणारी माणसं तीच, गावात सगळ्यांत कमी पैसे घेणारी. पावडरीचं पोतं ग्रामनिधीतून येतं, मग चारशे-पाचशेचे मोजे-चष्मा का येत नाहीत? पुढच्या ग्रामसभेत मी हे विचारणार आहे.

भाऊजी : विचारा. पावडरीचा साठा कुठे ठेवतात तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी कचेरीच्या एकाच खोलीत पावडर, फवारणीचं औषध आणि जुनं दप्तर असतं. पोतं जमिनीवर नाही, फळीवर हवं. तोंड बांधलेलं, खोली कोरडी आणि हवेशीर. आणि पावडर आली त्या तारखेची चिठ्ठी त्यावर.

वहिनी : चिठ्ठी मराठीत हवी, मोठ्या अक्षरात. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी रंग. आमच्या घरात लाल झाकण म्हणजे ॲसिड, ते आजपासून शेतात, कुलपात. ब्लीच घरी येईल, पण माझ्या कपाटात राहील, आणि बाईंना मी पाण्यात कालवून बादलीच देईन.

भाऊजी : कपाटात नको. कपड्यांच्या किंवा धान्याच्या कपाटात तर नाहीच. वारा लागेल अशा फळीवर, पोरांच्या हाताबाहेर. आणि बादली कालवाल तेव्हा बाईंना समोर उभं करा, नुसती हातात देऊ नका. तुम्ही घरी नसाल त्या दिवशी त्यांनाच कालवावं लागणार आहे.

वहिनी : ते पटलं नाही मला. मी घरी नसेन त्या दिवशी मोरी नाही धुतली तरी चालेल.

भाऊजी : आणि पाहुणे येणार असतील तर?

वहिनी : तर राख आणि लिंबू आहे. तुमच्या पुतण्याला तेवढं आज सांगते, मोटारीच्या खोलीतून पावडर बाहेर काढ म्हणून. पाऊस उघडला की तो ठिबक धुवायला घेणार आहे.